प्रबंध कोण वाचतं?

ज्यांना लोकलच्या गर्दीत हा भाग नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी तो लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळले तिथे थोडं सरळ केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात घाटकोपरला मावशीकडच्या गणपतीत झाली. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, केमिस्ट्रीत पीएचडी करत होती. सहा वर्षं झाली होती. आरतीनंतर प्रसाद वाटताना एका काकांनी विचारलं, "काय गं, अजून शिकतेच आहेस?" ताई हसली. मग काकांनीच पुढे विचारलं, "आणि हे एवढं जाडजूड लिहितेस, ते वाचतं कोण?" तेव्हा मात्र ताई हसली नाही. म्हणाली, "गाइड वाचतात, बाहेरचे दोन परीक्षक वाचतात. बस."

मी बीटेक करून सरळ नोकरीला लागले. त्यामुळे काकांच्या यादीत मी 'सेटल झालेली' आहे. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. सहा वर्षांचं काम आणि वाचणारी माणसं तीन?

मी मुलुंडची, ऑफिस अंधेरी ईस्टला. कांजूरमार्गला उतरायचं, बस पकडायची आणि जेव्हीएलआरवर रांगत जायचं. रोज आयआयटीच्या मेन गेटसमोर बस दहा मिनिटं तरी थांबते, कारण पुढे ट्रॅफिक असतंच. त्या गेटकडे बघत बसलेली असताना एकदा सहज फोनवर शोधलं, की सर्वोत्तम पीएचडी प्रबंधाला बक्षीस देतात का? देतात. आणि त्या बक्षिसांचा इतिहास शोधत गेले तर तो दोनदा याच गेटमधून आत-बाहेर करताना दिसला. आजचा भाग त्याबद्दल.

आधी जुना काळ पटकन. तरुण संशोधकाच्या लिखाणाला बक्षीस देण्याची पद्धत नवी नाही. केंब्रिजमध्ये गणिताचं स्मिथ्स प्राइझ अठराव्या शतकापासून दिलं जायचं. आधी ते परीक्षेवर मिळायचं, नंतर निबंधावर मिळायला लागलं. आपले जयंत नारळीकर 1962 मध्ये ते घेऊन बसले होते. पण पीएचडीचा प्रबंध, आख्खा, बांधलेला, त्यालाच बक्षीस, ही गोष्ट कॉम्प्युटरच्या जगात ठळकपणे आली 1982 मध्ये. कॉम्प्युटर शास्त्रज्ञांची एसीएम ही जुनी अमेरिकन संघटना. ट्युरिंग अवॉर्ड देते तीच. तिने प्रबंधांसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला.

पहिला मिळाला चार्ल्स लायसरसनला. नाव ओळखीचं वाटत नसेल, पण तुमच्यापैकी ज्यांनी इंजिनीअरिंगला अल्गोरिदम्सचा पेपर दिलाय, त्यांनी याला उशाशी घेऊन झोप काढलीय. ज्या जाड्या पुस्तकाला आपण सगळे नुसतं 'कॉर्मेन' म्हणतो, त्याच्या कव्हरवरचं दुसरं नाव याचं. 1984 मध्ये तो मिळाला मानोलिस कातेवेनिसला. बर्कलीत त्याने साध्या-सोप्या आज्ञांवर चालणाऱ्या प्रोसेसरवर प्रबंध लिहिला होता. त्या पद्धतीला रिस्क म्हणतात. आत्ता तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्यातली चिप एआरएम असणार, आणि एआरएममधला 'आर' म्हणजे मूळचा तोच रिस्क. 2014 चा विजेता मातेई झहारिया. त्याच्या प्रबंधातलं स्पार्क मी ऑफिसमध्ये रोज चालवते आणि रोज त्याला शिव्या घालते.

सुरुवातीच्या वर्षांत पुरस्कार मिळालेला प्रबंध एमआयटी प्रेस पुस्तक म्हणून छापायची. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पैसे मिळतात, स्टेजवर फोटो होतो, ते ठीक. पण खरं बक्षीस म्हणजे तुमचा प्रबंध लायब्ररीच्या तळघरातल्या कपाटातून उठून दुकानाच्या शेल्फवर जातो. आणि त्याआधी, तुमचा गाइड नसलेली, तुमच्या तोंडी परीक्षेशी काही संबंध नसलेली माणसं तो वाचतात, इतरांच्या प्रबंधांशी तुलना करतात आणि त्यावर भांडतात. म्हणजे काकांच्या प्रश्नाला निदान एक उत्तर सापडतं.

आता पवईकडे येऊ.

आयआयटी मुंबई 1958 मध्ये सुरू झाली. पवईला पायाभरणी झाली 10 मार्च 1959 ला, नेहरूंच्या हस्ते. युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाची मदत होती, त्यामुळे पुढे इथे आलेला कॉम्प्युटरही रशियन होता, मिन्स्क नावाचा. याच आयआयटीतून बीटेक करून केतन मुळमुळे अमेरिकेला गेले. मुळमुळे हे आडनाव तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. पीएचडी कार्नेगी मेलन विद्यापीठात, गाइड डेना स्कॉट. हे स्कॉट स्वतः ट्युरिंग अवॉर्डवाले. 1986 मध्ये मुळमुळेंच्या प्रबंधाला एसीएमचा पुरस्कार मिळाला.

विषय मला अर्धाच कळला, पण जो कळला तो आपल्या रोजच्या कामाचा आहे. समजा तुम्ही जुना कोड साफ केलात. आता दोन प्रोग्राम झाले, जुना आणि नवा. टीम लीड विचारतो, "दोन्ही सारखेच वागतात ना?" आपण काय करतो, चार टेस्ट चालवतो आणि हो म्हणतो. गणितात असं चालत नाही. प्रोग्रामचा 'अर्थ' गणिती भाषेत लिहायचा, आणि दोन प्रोग्रामांचा अर्थ एकच असेल तेव्हाच, आणि फक्त तेव्हाच, ते कुठेही बसवले तरी सारखे वागतील, अशी हमी द्यायची. ती हमी कधी देता येते, कशी सिद्ध करायची, हा त्यांचा प्रांत. चाळीस वर्षं होत आली, आम्ही अजून चार टेस्ट चालवतोय.

पुरस्कार मिळाल्यावर माणूस त्याच विषयाचं दुकान थाटून बसेल असं वाटतं. मुळमुळेंनी तसं केलं नाही. ते भूमितीकडे वळले, आणि मग पी विरुद्ध एनपी या कॉम्प्युटर शास्त्रातल्या सगळ्यात मोठ्या अनुत्तरित प्रश्नाकडे. एखाद्या कोड्याचं उत्तर पटकन तपासता येत असेल, तर ते पटकन शोधताही येतं का, असा तो प्रश्न. त्यावर 2001 पासून जी लेखमाला आली, तिच्या पहिल्या लेखावर दोन नावं आहेत. एक मुळमुळे. दुसरं मिलिंद सोहोनी, आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. हा रस्ता पूर्ण व्हायला शंभर वर्षं लागतील असं खुद्द मुळमुळे म्हणतात. आमच्याकडे तीन महिन्यांच्या पुढचा प्लॅन कोणी करत नाही, म्हणून हे वाक्य वाचून मी बसमध्ये एकटीच हसले होते.

सोहोनी हे नाव लक्षात ठेवा. आता थोडं मागे जायचंय.

1950. प्रिन्स्टनमध्ये जॉन नॅश नावाच्या 21 वर्षांच्या मुलाने पीएचडीचा प्रबंध दिला. पानं 28. संदर्भ दोन, त्यातला एक त्याचा स्वतःचाच. टाइपरायटरवर केलेला, गणिताची चिन्हं हाताने काढलेली. (लांबीवरून प्रबंध मोजणाऱ्यांसाठी अजून एक: कमला सोहोनींचा, तेव्हाच्या कमला भागवतांचा, केंब्रिजचा 1939 चा प्रबंध साधारण 40 पानांचा होता. या सोहोनी वेगळ्या.) नॅशच्या प्रबंधाला तेव्हा कुठला प्रबंध-पुरस्कार मिळाला नाही. 44 वर्षांनी, 1994 मध्ये, त्याच कामाला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यात काय होतं? समजा घाटकोपर स्टेशनबाहेर दोन वडापाववाले आहेत. प्रत्येकाने रोज सकाळी ठरवायचं, गाडी ईस्टला लावायची की वेस्टला. एकाचा धंदा दुसरा कुठे उभा राहतो त्यावर अवलंबून. नॅशने सिद्ध केलं, की अशा कुठल्याही खेळात एक तरी अशी स्थिती असतेच, जिथे 'समोरचा जे करतोय ते तसंच राहिलं, तर मी एकट्याने बदलून माझा फायदा नाही' असं दोघांनाही वाटतं. कधी त्यासाठी आलटूनपालटून, म्हणजे तीन दिवस ईस्ट, चार दिवस वेस्ट, असंही खेळावं लागतं. या स्थितीला नॅशचा समतोल म्हणतात.

पण 'असतोच' आणि 'हा घ्या' यात फरक आहे. घरात किल्ली आहे हे माहीत असणं आणि किल्ली सापडणं. नॅशने पहिलं सांगितलं. दोनच पर्याय असतील तर कागदावर निघतो, पण दोघांकडे हजार-हजार पर्याय असले तर कॉम्प्युटर तो समतोल झटपट शोधू शकेल का, हे पन्नासेक वर्षं कोणालाच माहीत नव्हतं. मग एका पीएचडीवाल्याने ते अंगावर घेतलं. कॉन्स्टँटिनोस दास्कालाकिस, ग्रीक मुलगा, बर्कली. त्याने आपले गाइड पापाडिमिट्रिऊ आणि गोल्डबर्ग यांच्यासोबत दाखवलं, की हे काम मुळातच अवघड आहे. सगळ्या खेळांना चालेल अशी झटपट पद्धत मिळण्याची आशा जवळजवळ नाही. दोघांच्या खेळालाही हे लागू आहे, हे चेन आणि डेंग या दोघांनी दाखवलं. दास्कालाकिसच्या प्रबंधाला एसीएमचा 2008 चा पुरस्कार मिळाला.

म्हणजे 1950 च्या प्रबंधाने एक प्रश्न मागे ठेवला, आणि 2008 च्या प्रबंधाने त्याला उत्तर दिलं: सरसकट जमणार नाही. गोष्ट संपायला हवी होती. पण 'सरसकट' या शब्दात फट आहे, आणि त्या फटीत पवई बसलेली आहे.

काही खेळ सोपे आहेत हे आधीपासून माहीत होतं. एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तेवढाच तोटा, असा खेळ असेल (दगड-कागद-कात्रीसारखा), तर समतोल झटपट निघतो. दोघांची कमाई बेरीज केली की प्रत्येक घरात शून्य. आता रवी कन्नन आणि थॉर्स्टन थिओबाल्ड यांनी विचारलं, की ही बेरीज शून्य नसेल, पण अगदी साधी असेल तर? साधी म्हणजे कशी, तर शाळेच्या वहीमागे पाढ्यांचा तक्ता असतो तशी. त्या तक्त्यात वरवर शंभर आकडे दिसतात, पण माहिती शंभर आकड्यांची नसते. एक ओळ आणि एक उभा रकाना पाठ असला की सगळा तक्ता गुणाकाराने उभा राहतो. अशा तक्त्याची रँक एक. शून्य बेरजेची रँक शून्य. जसजशी रँक वाढते तसतसा तक्ता गुंतागुंतीचा. तर प्रश्न असा: रँक एकचे खेळ झटपट सुटतात का?

2011 च्या जूनमध्ये, स्टॉक नावाच्या परिषदेत (शेअर बाजाराशी संबंध नाही, थिअरीवाल्यांची ती पंढरी आहे) पवईहून एक पेपर गेला. उत्तर: हो, सुटतात. लेखक चार: भरत अडसूळ, जुगल गर्ग, रुता मेहता, मिलिंद सोहोनी. तेच सोहोनी.

युक्ती माझ्यासारखीला कळेल एवढीच सांगते. त्यांनी तो एकच खेळ सोडवायचा हट्ट सोडला. त्याच्या आजूबाजूचे सारखे खेळ घेऊन एक कुटुंब बनवलं. मग दाखवलं, की या कुटुंबातले खेळ आणि त्यांचे समतोल यांची जोडी इतकी नीट लागते, की भटकायला वेड्यावाकड्या गल्ल्या उरत नाहीत. शोध शेवटी एका सरळ रेषेवर येतो. आणि रेषेवर शोधणं आपल्याला येतं. डिक्शनरीत शब्द बघताना मधलं पान उघडतो, पुढे असेल तर पुढचा अर्धा भाग, मागे असेल तर मागचा. बायनरी सर्च. इंटरव्ह्यूला पहिल्या पाच मिनिटांत विचारतात ते. हे वाचल्यावर मी मेन गेटसमोर थांबलेल्या बसमधून बाहेर बघितलं. ज्या गोष्टीत पाच-सहा वर्षं आधी जगाने हात टेकले होते असं मला वाटत होतं, तिचा एक तुकडा रस्त्याच्या त्या बाजूला सुटला होता.

रुता मेहतांचा प्रबंध 2012 मध्ये पूर्ण झाला. विविध खेळांमधला नॅश समतोल कसा मोजायचा, हाच विषय. गाइड सोहोनी. एसीएमच्या भारतीय शाखेने नुकताच, 2011 मध्ये, भारतातल्या प्रबंधांसाठी असाच पुरस्कार सुरू केला होता. बक्षीस दोन लाख रुपये, पैसे टीसीएसचे, आणि प्रबंध एसीएमच्या डिजिटल लायब्ररीत. 2012 चा पुरस्कार या प्रबंधाला मिळाला.

माझ्या मते त्या पुरस्काराची खरी किंमत यात आहे की तो भारतात झालेल्या पीएचडीला मिळाला. मुळमुळे पवईतून गेले आणि पुरस्कार पिट्सबर्गच्या कामाला मिळाला. सुभाष खोत इचलकरंजीचे, बीटेक पवईचं, पण प्रबंध प्रिन्स्टनचा, आणि 2014 मध्ये नेवानलिना पारितोषिक मिळालं तेव्हाही पत्ता अमेरिकेचा. आमच्या कॉलेजात तर गृहीतच होतं, की हुशार असशील तर बीटेकनंतर बाहेर जा, इथे पीएचडी करतात ते राहिलेले. हे वाक्य मीही बोललेय, कँटीनमध्ये, ताईसमोर. आठवलं की अजून कानकोंडं होतं.

एक गोष्ट मला खटकते, तीही सांगून टाकते. पेपरवर चार नावं होती. थिअरीत नावं आद्याक्षरांच्या क्रमाने लावतात, त्यामुळे कोणी किती केलं हे क्रमावरून कळत नाही, आणि लग्नपत्रिकेसारखी भांडणंही होत नाहीत. प्रबंधावर मात्र नाव एकच असतं, आणि पुरस्कार प्रबंधाला. म्हणजे हे पुरस्कार ज्या कामाचा गौरव करतात ते चौघांनी फळ्यासमोर उभं राहून केलेलं असतं, आणि फोटोत एकजण असतो. दास्कालाकिसचंही तेच. यावर उपाय मला सुचत नाही. शेवटी अडीचशे पानं एकट्यानेच लिहायची असतात, आणि तोंडी परीक्षेला एकट्यानेच उभं राहायचं असतं, हेही खरं. पण पुरस्काराची बातमी वाचताना मूळ पेपर उघडून बाकीची नावं वाचायची सवय मी लावून घेतलीय.

पुढे मेहतांनी 2014 मध्ये, त्याच स्टॉक परिषदेत, या वेळी एकटीच्या नावाने, दाखवलं की रँक तीन झाली की खेळ पुन्हा अवघड. म्हणजे स्वतःच उघडलेल्या वाटेवर स्वतःच पाटी लावली, यापुढे ही युक्ती चालणार नाही. मला हे पुरस्कारापेक्षाही भारी वाटतं. आता त्या इलिनॉय विद्यापीठात शिकवतात.

आणि सोहोनी? त्याच 2012 मध्ये त्यांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात आयआयटीमधलं शिक्षण आणि संशोधन आणि त्याचा देशावर होणारा परिणाम यावर लेख लिहिला, आणि तो कौतुकाचा नव्हता. आयआयटीचं लक्ष आपल्या आसपासच्या प्रश्नांकडे नाही, अशी त्यांची तक्रार. ते आयआयटीतल्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात काम करत होते, विद्यार्थ्यांना घेऊन पाण्याच्या प्रश्नावर गावांमध्ये जात होते. एका बाजूला विद्यार्थिनीच्या प्रबंधाला देशातला मोठा पुरस्कार, दुसऱ्या बाजूला गाइड विचारतोय, की आपण जे संशोधन म्हणून करतो ते नक्की कोणासाठी? मला हा माणूस कोड्यासारखा वाटतो. शंभर वर्षांनी सुटेल अशा गणितावरही काम, आणि यंदाच्या उन्हाळ्यात टँकर लागेल का यावरही. यातलं खरं काम कुठलं, असं कोणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. विचारणारे काका असते तर त्यांनी दोन्हीला नाही म्हटलं असतं.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आदल्या आठवड्यात ताईची तोंडी परीक्षा झाली. पास. पेढे घेऊन आली. मी म्हटलं, "तुझी पीडीएफ पाठव ना."

"कशाला?"

"वाचते."

"तुला काय कळणारे त्यात? शोधगंगेवर चढेल थोड्या दिवसांत, तिथे बघ."

"आत्ता पाठव."

तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि पाठवली. 214 पानं आहेत. रोज कांजूरमार्गहून बसमध्ये दोन-तीन पानं होतात. आयआयटीच्या गेटसमोर ट्रॅफिक जास्त असेल तर चार. रसायनांची नावं मी उड्या मारत जाते, पण पहिल्या प्रकरणात तिने हा प्रश्न का घेतला ते लिहिलंय, ते कळलं. पान 31 वर एक आकृती आहे, तिच्याखाली 'नमुना क्रमांक 7 वगळला आहे' एवढंच लिहिलंय, कारण नाही. काल रात्री तिला मेसेज करून विचारलं, "सातवा का वगळलास?"

तिचा फोनच आला. पाऊण तास सांगत होती.